पाचवी सवारी

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर कधी जायचं, हे समुद्र ठरवतो. ओहोटी लागली की किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंतची वाळू आणि खडक हळूहळू उघडे पडतात. पाणी पुरतं ओसरलं की माणूस चपला हातात घेऊन निवांत चालत जाऊ शकतो. पण तेवढं थांबायला फार थोडे तयार असतात. पाणी मांडीभर असतानाच घोडागाड्यांची रांग हलते, कारण गाडीवानाला त्या काही तासांतच दिवसाची कमाई करायची असते आणि पर्यटकाला संध्याकाळची बोट पकडायची असते.

मी मे महिन्यातल्या एका रविवारी तिथे उभी होते. समोरच्या गाडीत एक कुटुंब चढलं. आजी-आजोबा, आई-वडील, मामा आणि दोन मोठी मुलं. गाडी हलेना. चाकं ओल्या वाळूत रुतली होती. गाडीवानानं लगाम ओढला, मग आवाज दिला, मग चाबकाची मूठ घोड्याच्या पुठ्ठ्यावर आपटली. घोडा पुढच्या पायांवर झुकला, कशीबशी गाडी सुटली आणि पाण्यात शिरली. पट्टा घासून त्याच्या खांद्याखाली रुपयाएवढी जागा सोललेली होती, आणि खारं पाणी नेमकं तिथपर्यंत पोहोचत होतं. गाडीतली मुलं आनंदानं ओरडत होती. जखम त्यांना दिसत नव्हती, कारण ती गाडीतून दिसतच नाही. खाली उभं राहिलं तरच दिसते.

आपल्याकडे १९६५ सालचे नियम आहेत, ओझं ओढणाऱ्या आणि वाहणाऱ्या जनावरांसाठी केलेले. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली ते आले. जनावरानं ओढायच्या गाडीत गाडीवान आणि सहा वर्षांखालची मुलं सोडून चारच माणसं बसवायची. जनावराकडून दिवसात नऊ तासांहून जास्त काम घ्यायचं नाही, विसाव्याशिवाय सलग पाच तासांहून जास्त नाही. पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन काम बंद. काम संपलं की जू, पट्टे, साज उतरवायचा. खिळ्याची काठी, टोचणारा लगाम वापरायचा नाही. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी इतक्या बारकाईनं विचार केला होता, हे वाचून मला त्या अनाम माणसांबद्दल आदर वाटला. फक्त एक गोष्ट कोकणाला लागू पडत नाही. इथे पारा क्वचितच ३७ च्या वर जातो, पण हवा घामेजलेली असते. घोडा माणसासारखाच घाम गाळून अंग थंड करतो आणि दमट हवेत तो घाम वाळत नाही. बत्तीस अंशांतली अलिबागची दुपार घोड्याला नागपूरच्या दुपारइतकीच जड जाऊ शकते. नियमाला हे कळत नाही, पण घोड्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळायला हवं.

किल्ल्यावरून परत आल्यावर त्याच गाडीवानाशी बोलले. मला वाटलं होतं तो चिडेल. त्यानं घोड्याला पाणी पाजलं आणि मगच माझ्याकडे वळला. "पावसाल्यान गारी बंद, ताई. पन घोरा खाताच ना?" जूनपासून किनारा ओस पडतो, किल्ल्याची वाट बंद होते, आणि चार महिने चारा, हरभरा, कोंडा घरातून घालावा लागतो. जवळपास नालबंद मिळत नाही, लांबून बोलवावा लागतो. सहा माणसं चढली तर दोघांना उतरवायचं म्हणजे तंटा, आणि ते दोघे उतरून शेजारच्या गाडीत बसणार. "मी चारच घेतो म्हनलं, तर बाजूवाला सात घेतो." त्यानं स्वतःचा बचाव केला नाही. घोड्याच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला की हळद आणि खोबरेल लावतो, पण सुट्टीच्या दिवशी जखम भरत नाही.

क्रूर माणूस शोधायला गेलं तर किनाऱ्यावर तो सापडत नाही. सापडतो तो घाईचा व्यवहार. त्या व्यवहारातली पाचवी, सहावी, सातवी सवारी आपण असतो.

अलिबागेत किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की इस्रायल आळी लागते. मागेन अबोथ हे सिनेगॉग तिथेच आहे. कोकणातल्या ज्यूंची, म्हणजे बेने इस्रायलांची, परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि या किनाऱ्यावर स्थिरावल्या. किहीमकर, नवगावकर, पेणकर, झिराडकर, रोहेकर ही आडनावं ऐकली की ही माणसं गावोगावी कशी मुरली ते समजतं. खुद्द अलिबागचं नाव ज्या अलीच्या बागेवरून पडलं, तो अलीही बेने इस्रायल होता असं इथे सांगतात. या लोकांचा धंदा तेल गाळण्याचा. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं.

इतिहासाच्या पुस्तकांत ही गोष्ट ओळखीची खूण म्हणून येते. शतकानुशतकं मुख्य ज्यू जगापासून तुटलेले हे लोक ज्यू आहेत, हे ज्या गोष्टींवरून पटलं त्यांत शनिवारचा विसावा होता. मला मात्र आळीतून चालताना घाण्याचा बैल आठवत राहिला. डोळ्यांना झापडं लावून, दिवसभर एकाच वर्तुळात फिरणारा. शब्बाथची आज्ञा फक्त माणसापुरती नाही. घरातल्या चाकरानं, बैलानं आणि गाढवानंही त्या दिवशी विसावायचं, हे तोरा या त्यांच्या धर्मग्रंथात स्पष्ट सांगितलेलं आहे. कणसं तुडवणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसकं बांधायचं नाही, हेही तिथेच आहे. म्हणजे कायदा, खातं, निरीक्षक यांतलं काहीही नसताना या किनाऱ्यावरच्या बैलांना आठवड्याची एक हक्काची सुट्टी मिळत होती, आणि ती धन्याच्या मर्जीवर नव्हती. घरात तेलाची मागणी असो, गिऱ्हाईक दारात उभं असो, शनिवारी बैल गोठ्यातच राहायचा.

आता अलिबागेत बेने इस्रायल घरं थोडी उरली आहेत. बहुतेक जण १९४८ नंतर इस्रायलला गेले. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर घोड्यांच्या टापांच्या आणि रथाच्या चाकाच्या खुणा दाखवतात. प्रेषित एलियाहूचा रथ इथे टेकला, अशी बेने इस्रायलांची श्रद्धा आहे. आजही परदेशातून आलेली माणसं तिथे नवस फेडायला येतात. एका समाजानं घोड्याच्या टापांना पवित्र मानून जपलं आहे, आणि तिथून काही कोसांवर खऱ्या टापांना नाल ठोकायला माणूस मिळत नाही. त्या खडकापाशी उभं राहिल्यावर हे मनातून जाईना.

रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई. इथले ख्रिस्ती लोक आजही पोर्तुगीजातून जन्मलेली त्यांची वेगळी बोली घरात बोलतात. शेजारी कोळी, आगरी, थोडं पुढे कोकणी मुसलमान. चाळीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात इतक्या चालीरीती एकमेकींना चिकटून नांदतात की प्राण्यांशी कसं वागावं हे कुणी बाहेरून येऊन शिकवायला गेलं, तर पहिला प्रश्न येतो, तुम्ही कोण? तो प्रश्न रास्त आहे. शहरातून येणारी प्राणीमित्र मंडळी बहुधा इथेच अडतात. ती कायदा घेऊन येतात, आणि गावाला वाटतं आपल्या जातीवर, आपल्या धंद्यावर बोट ठेवायला आली.

बैलगाडी शर्यतीचंही तेच झालं. रायगडच्या किनाऱ्यावर शर्यत ओल्या, टणक वाळूत पळवतात. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नागराजा खटल्यात जल्लीकट्टू आणि बैलगाडी शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना वाट मोकळी केली, पण ती उच्च न्यायालयात अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि बैलाला इजा, वेदना केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे.

एका गावात शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी एका बैलाच्या अंगणात बसले होते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ती माणसं माझ्याशी विश्वासानं बोलली. बैलाला आंघोळ घातली होती. अंगणात पंखा होता, तो माणसांकडे नव्हता, बैलाकडे होता. म्हातारी आई त्याला दूध आणि अंडी घालत होती. "बैल म्हंजे आमचे घरातला पोर हाय," धनी म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. बंदीच्या वर्षांत असे बैल सांभाळणं परवडेना म्हणून लोकांनी ते विकले, हे सांगताना त्याचा गळा दाटला.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या टप्प्यात त्याच बैलाची शेपटी पिरगाळली गेली. मी ते पाहिलं. शेजारच्या जोडीवर पराणी चालली, खिळा बोथट केलेला असला तरी टोक टोकच. प्रेम खरं होतं आणि शेवटच्या शंभर पावलांत झालेली वेदनाही खरी होती. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातून होतात, म्हणून हा प्रश्न अवघड आहे. माझं मत असं की शर्यतीआधीच्या दाखल्यावर समाधान मानू नये. शर्यत संपताच सगळ्या गावासमोर पशुवैद्यकानं बैलाची शेपटी, पुठ्ठा, नाक तपासावं, आणि ओरखडा दिसला तर जिंकलेली जोडी बाद करावी. ज्या गावात बैलाचं नाव धन्याच्या नावाआधी घेतात, तिथे बाद होण्याची नामुष्की दंडापेक्षा मोठी ठरेल. त्या धन्यालाही हे विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सगल्यांना एकच नियम लावा, मंग चालंल."

सगळ्यांना एकच नियम. घोडागाडीवालाही वेगळ्या शब्दांत हेच म्हणाला होता.

काशिदच्या किनाऱ्यावर उंट पाहिले. याबद्दल माझ्या मनात कसलीही दुविधा नाही. उंटाचं पाऊल रुंद आणि मऊ असतं, ते कोरड्या वाळूवर पसरतं आणि ओल्या, निसरड्या जमिनीवर घसरतं. त्याचं सगळं शरीर कोरड्या हवेसाठी घडलेलं आहे. राजस्थाननं २०१४ मध्ये उंटाला राज्यप्राण्याचा दर्जा दिला आणि २०१५ मध्ये त्याला राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. तिथे ज्याची इतकी काळजी वाटते, तो प्राणी वर्षाला तीन मीटर पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर रंगीत झूल घालून बसलेला असतो, आणि त्याच्या पाठीवर माणसं फोटोसाठी ताटकळत बसतात. घोडागाडीमागे निदान पिढ्यांचा धंदा आहे. कोकणात उंटाला कसलीही परंपरा नाही, कुणाची रूढी दुखावणार नाही. ही उंटसवारी बंद व्हावी.

राजपुरीला जेटीवर जंजिऱ्याची होडी भरण्याची वाट पाहत बसले. समोर पाण्यात तो किल्ला. हबशी वंशाच्या सिद्दींचं हे राज्य १९४८ मध्ये भारतात विलीन झालं. किल्ल्याच्या दरवाजावर पंजात हत्ती धरलेल्या शरभाचं शिल्प आहे. काही दशकांपूर्वीपर्यंत तटाच्या आत वस्ती होती, मुसलमान आणि कोळी शेजारी राहत होते. मग माणसं एकेक करून समोरच्या गावांत उतरली.

जेटीवरच्या कुत्र्यांचा विषय मीच काढला. वाळत घातलेल्या मासळीवर कुत्री येतात, आणि मासळी वाळवणाऱ्या बाईच्या हातात दगड असतो. तिचं नुकसान खरं असतं. एक कोळीण म्हणाली की दगड मारून कुत्रं जात नाही, लंगडं होऊन तिथेच राहतं. होडीवाल्या चाचांनी मग विहिरीवरच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. वाळवंटात तहानेनं चिखल चाटणारं कुत्रं, आणि विहिरीत उतरून आपल्या पायातल्या मोज्यात पाणी भरून आणणारा माणूस. त्या एका पाण्यावर त्याचे गुन्हे माफ झाले, असं पैगंबरांनी सांगितल्याचं हदीसमध्ये आहे. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाली, हेही आहे. जनावराच्या पाठीला बसून गप्पा मारायची जागा करू नका, हेही. ते ऐकताना काशिदचे उंट डोळ्यांसमोर आले. कोळीण लगेच म्हणाली, "आमच्या नाथमहाराजांनी तेच केलं." रामेश्वरासाठी आणलेली कावड त्यांनी तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिती केली, ही गोष्ट तिनं चाचांना ऐकवली. चाचांना ती आधीच माहीत होती. ते हसून म्हणाले, "शाळेत होती ना आम्हाला."

या प्रवासात इतकं स्पष्ट कुणी बोललं नव्हतं. ज्याच्या त्याच्या घरात ही शिकवण आहे, आणि शेजाऱ्याची शिकवणही ठाऊक आहे. कुत्र्यांपुरतं बोलायचं तर उपायही ठरलेला आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार कुत्र्यांची नसबंदी करून, रेबीजची लस देऊन ती होती तिथेच सोडायची. जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. दगडाला पर्याय हवा असेल तर तो हा आहे, आणि त्यासाठी ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात रक्कम लागते. गोष्टींनी मन वळतं, शस्त्रक्रियेला डॉक्टरच लागतो.

समुद्रापलीकडच्या मुंबईनं हे धडे आधी गिरवले आहेत. १८३२ च्या जूनमध्ये इंग्रजांच्या पोलिसांनी भटकी कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, आणि इतर धर्मांचे लोकही त्यात सामील झाले. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या, आणि त्याच वर्षी प्राण्यांच्या छळाविरुद्ध काम करणारी संस्था दिनशा माणकजी पेटिट यांच्या पुढाकारानं स्थापन झाली. परळचं बाई साकरबाई पेटिट हे प्राण्यांचं रुग्णालय त्याच घराण्याच्या देणगीतून उभं राहिलं. पुढे घोडे जाऊन विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय उपकरणं बिघडू नयेत म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा आली. मुंबईतल्या ट्रामच्या घोड्यांची सुटका आणि अलिबागची चुंबकीय वेधशाळा अशी एकाच बदलाची दोन टोकं आहेत. शंभरेक वर्षांनी, जून २०१५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानं शहरातल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. तेव्हा गाडीवानांच्या पोटाचा प्रश्न निघाला आणि सरकारला पुनर्वसनाची योजना करावी लागली. २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या बग्ग्या आल्या.

अलिबागला न्यायालयाच्या आदेशापर्यंत थांबायची गरज नाही. जिल्ह्याचं मुख्यालय इथेच आहे. जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. किनाऱ्यावर ठळक मराठीत एक फलक लागावा, चारच सवाऱ्या, ठरलेले तास, जखमी जनावर जुंपणार नाही. गाड्यांची नोंद व्हावी आणि एका माणसाला ओहोटीच्या वेळी उभं करून नियम सगळ्यांना सारखा लावावा. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी चाऱ्याला मदत मिळाली तर गाडीवान स्वतःच पाचव्याला खाली उतरवेल. कायद्यातली शिक्षा आजही हास्यास्पद आहे. १९६० चा कायदा पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड सांगतो, तेवढ्यात किल्ल्याची एक फेरीही होत नाही. जनावर मारणं किंवा कायमचं जायबंदी करणं हा मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, हे पोलीस ठाण्यात जाताना लक्षात ठेवावं.

तुम्ही या सुट्टीत रायगडच्या किनाऱ्यावर जाणार असाल तर एवढं करा. किल्ल्यावर ओहोटी पूर्ण लागल्यावर चालत जा. म्हातारं माणूस सोबत असेल तर गाडी घ्या, पण चौघांपेक्षा जास्त बसू नका आणि उरलेल्यांसाठी दुसऱ्या गाडीचे पैसे द्या. चढण्याआधी घोड्याचा खांदा आणि पाय पाहा. लंगडत असेल, पट्ट्याखाली जखम असेल, तर गाडीवानाला भाडं न नाकारता विसाव्याचे पैसे द्या आणि चालू लागा. उंटावर बसू नका, मुलांना बसवू नका. जखमी जनावर दिसलं तर पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक १९६२ आहे, फोन लावा आणि डॉक्टर येईपर्यंत तिथे थांबा.